एका पायवाटेचा आणि एका फुलाचा इतिहास

राज्यांचे इतिहास लिहिले जातात, राजवंशांचे लिहिले जातात. फार झालें तर एखाद्या किल्ल्याचा, नदीचा किंवा व्यापारी मार्गाचा इतिहास लिहिण्यास कोणी विद्वान् पुढें येतो. परंतु ज्याची जवळजवळ सारी वस्ती अडीच एकरांच्या खडकाळ जागेंत मावते, ज्याचें सर्व अंग रुपयाच्या नाण्याएवढें आणि ज्याला बाजारांत कवडीचेंही मोल नाहीं, अशा फुलाला इतिहास असूं शकेल काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत उभा राहणें साहजिक आहे. इतिहास म्हणजे मनुष्याच्या कृतींचा वृत्तान्त, ही व्याख्या स्वीकारली तरीही या फुलाला इतिहास आहे; कारण गेल्या दोन शतकांत त्याचें जें बरें-वाईट झालें तें बहुतेक सर्व मनुष्याच्या पायांनीं आणि हातांनीं झालें. विशेष हें कीं, ज्या माणसांनीं त्याला नाशाच्या काठावर नेलें त्यांत दुष्ट असा एकही नव्हता. या कथेंत खलपुरुष नाहीं. म्हणूनच ती विचार करण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ईशान्येस, न्यू हॅम्पशायर नांवाचें संस्थान आहे. तेथील ‘व्हाइट मौंटन्स’ अर्थात् श्वेतगिरि या पर्वतसमूहांतील मुख्य रांगेच्या शिखरांना त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांचीं नांवें दिलेलीं आहेत. सर्वांत उंच शिखर वॉशिंग्टन, ६,२८८ फूट. त्याच्या नैर्ऋत्येस खांद्याला खांदा लावून उभें असलेलें मन्‍रो, तें जवळजवळ आपल्या कळसूबाईएवढें. हिमालयाच्या गोष्टी ऐकणाऱ्या आपल्या कानांना हे आंकडे क्षुल्लक वाटतील. परंतु पर्वताची कठोरता केवळ उंचीवर अवलंबून नसते. तो कोणत्या अक्षांशावर आणि कोणत्या वाऱ्यांच्या वाटेवर उभा आहे यावर ती अवलंबून असते. वॉशिंग्टन शिखर अनेक वादळी मार्गांच्या संगमावर आहे. १२ एप्रिल १९३४ रोजीं तेथील वेधशाळेंत वाऱ्याचा वेग तासाला २३१ मैल नोंदला गेला. १९९६ सालीं ऑस्ट्रेलियाजवळच्या एका बेटावरील चक्रीवादळांत यंत्रानें याहून मोठा आंकडा दाखविला खरा, पण साठांहून अधिक वर्षें हा जगांतील उच्चांक होता. अशा ठिकाणीं पांच हजार फुटांच्या आसपासच वृक्षांचें राज्य संपतें. प्रथम झाडें खुजीं होतात, मग जमिनीशीं सरपटूं लागतात आणि शेवटीं नाहींशींच होतात. त्यापुढें उरतात ते दगड, शेवाळ, गवताचे पुंजके आणि जमिनीला छातीशीं धरून जगणाऱ्या कांहीं वनस्पति.

या वनस्पति म्हणजे एका गेलेल्या युगाचे अवशेष होत. हजारों वर्षांपूर्वीं उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाच्या थराखालीं दडपलेला होता. तो थर उत्तरेकडे हटूं लागला तेव्हां त्याच्या कडेकडेनें शीतप्रदेशांतील वनस्पति सखल भूमीवर पसरल्या. पुढें हवा उबदार होत गेली, अरण्यें मागोमाग चालून आलीं आणि या वनस्पतींना दोनच वाटा उरल्या, एक उत्तरेची व दुसरी वरची. ज्यांनीं वरची वाट धरली त्या पर्वतमाथ्यांवर अडकून पडल्या. लाब्राडोर आणि ग्रीनलंड येथील फुलें म्हणूनच न्यू हॅम्पशायरच्या माथ्यावर आजही भेटतात. भोवतीं अरण्याचा समुद्र आणि मध्यें शीतभूमीचीं हीं लहान लहान बेटें, असा हा देखावा आहे. पूर्वेकडील त्या साऱ्या प्रदेशांत या जातीची सर्वांत मोठी सलग भूमि याच रांगेवर आहे, आणि तीही अवघी आठ चौरस मैलांच्या घरांत.

आमच्या कथेची नायिका याच भूमीची रहिवासी आहे. तिचें शास्त्रीय नांव ‘पोटेंटिला रॉबिन्सियाना’. इंग्रजी बोलीभाषेंत तिला रॉबिन्सची सिंकफॉइल म्हणतात. ‘सिंकफॉइल’ या शब्दाचा अर्थ पंचपर्णी. पण ही पंचपर्णी केवळ कुलनामापुरती, कारण हिच्या पानाला दलें तीनच असतात. दंतुर कडांचीं, केसाळ अशीं हीं पानें एका चकतीसारख्या झुबक्यांत दाटलेलीं असतात. पूर्ण वाढलेल्या रोपाचा व्यास बहुधा इंच-दीड इंच. जून महिन्यांत, बर्फ वितळून कांहीं दिवस होतात न होतात तोंच, त्यावर पांच पाकळ्यांचीं पिवळीं फुलें येतात, आणि थोड्याच दिवसांत तो सोहळा आटोपतो. वरून पाहणाऱ्यास रोप बोटभर दिसतें, पण त्याचें सोटमूळ दगडांच्या फटींतून खोल गेलेलें असतें. वाऱ्याशीं त्याचें सारें भांडण या मुळाच्या जोरावर चालतें.

या वनस्पतीनें आपल्या घरासाठीं जी जागा निवडली आहे ती इतर कोणी घेणार नाहीं अशी आहे. मन्‍रो शिखराच्या पायथ्याशीं एक उघडी सपाटी आहे. तेथें वारा इतका कीं हिवाळ्यांत बर्फाचें पांघरूणही टिकत नाहीं. इतर वनस्पति त्या पांघरुणाखालीं थंडीचे महिने सुखानें काढतात. हिला तें सुख नाहीं. जमीन रात्रीं गोठते, दिवसां सैलावते. मातींत बर्फाच्या सुया उगवून कोवळीं रोपें मुळांसकट उपटून वर फेंकतात. बीं रुजलें तरी बहुसंख्य अंकुर पहिल्या वर्षींच मरतात. जें रोप तगतें त्याला फूल येण्यास अनेक वर्षें लागतात. मात्र एकदां तगलेलें रोप दशकानुदशकें जगतें. आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. हिचें बीं वाऱ्यावर दूर जात नाहीं, आईच्या पायाशींच कांहीं इंचांत पडतें. आणि तें बीं स्त्री-पुरुष बीजांच्या संयोगावांचून तयार होतें. म्हणून प्रत्येक संतति मातेची जवळजवळ हुबेहूब प्रतिकृति असते. स्थलांतर नाहीं आणि नवें रक्तही नाहीं! जी जागा पिढ्यान् पिढ्या मिळाली तीच टिकली तर हें कुल टिकेल, नाहींपेक्षां नाहीं.

मनुष्याचा या माथ्याशीं संबंध पुष्कळ काळ दुरूनच होता. तेथील मूळ रहिवाशांनीं या पर्वताला ‘अगिओकोचूक’ असें नांव दिलें होतें, आणि त्याचा माथा हें देवतेचें स्थान मानून ते वर पाऊल ठेवीत नसत, असें सांगतात. १६४२ सालीं डार्बी फील्ड नांवाचा एक वसाहतवाला वर चढला. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलें आहे कीं, वाटेंत भेटलेल्या देशी लोकांनीं पुढें गेल्यास मृत्यु येईल असें त्याला बजावलें. तरी त्याच्याबरोबरच्या दोघांनीं त्याचें धैर्य पाहून त्याला साथ दिली. या पर्वतावरून हिरे समजून चमकणारे दगड खालीं आणले गेले. ते साधे स्फटिक निघाले. पर्वतावरून कांहींतरी उचलून आणावें, ही बुद्धि पहिल्या भेटीपासूनची आहे, एवढें येथें नोंदवून ठेवूं.

पुढें हिऱ्यांच्या शोधकांची जागा ज्ञानाच्या शोधकांनीं घेतली. १७८४ सालीं जेरेमी बेल्कनॅप आणि मॅनासे कटलर या दोन धर्मोपदेशकांनीं मंडळी जमवून या पर्वताची शास्त्रीय सफर काढली. कटलर वायुभारमापक घेऊन गेला होता. त्यांनीं बांधलेला उंचीचा अंदाज खऱ्या उंचीपेक्षां पुष्कळच अधिक निघाला, पण वृक्षरेषेवरील वनस्पतींकडे विद्वानांचें लक्ष वेधलें गेलें. १८१६ सालीं बोस्टनचा वैद्य जेकब बिगेलो आणि त्याचा मित्र फ्रान्सिस बूट हे आले व त्यांच्या सफरीनें या माथ्यावरील वनस्पतींची पद्धतशीर नोंद झाली. आज या पर्वतावर ‘बिगेलोची हिरवळ’ आहे, ‘बूटचा सोंडा’ आहे, टकरमन याच्या नांवाची दरी आहे आणि ओक्स याच्याही नांवाची आहे. सेनापतींच्या नांवानें रस्ते असलेलीं शहरें पुष्कळ; वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नांवानें दऱ्याखोरीं असलेला पर्वत मात्र विरळा.

यांतील विल्यम ओक्स हा मॅसॅच्युसेट्सचा रहिवासी, शिक्षणानें वकील आणि वृत्तीनें वनस्पतींचा वेडा. १८२९ सालीं त्यानें जेम्स रॉबिन्स या तरुण वैद्याला न्यू इंग्लंडच्या संस्थानांतून वनस्पति गोळा करण्याच्या कामगिरीवर धाडलें. मन्‍रोजवळच्या सपाटीवरील त्या पिवळ्या फुलाशीं रॉबिन्सचें नांव जोडलें गेलें तें ओक्सनें आपल्या मित्राच्या सन्मानार्थ दिलेल्या नांवामुळें. तथापि सर्वांना तें स्वतंत्र जातीचें वाटलें नाहीं. आसा ग्रे याच्या प्रसिद्ध ग्रंथांत तें युरोपच्या आल्प्स पर्वतांतील एका जातीच्या नांवाखालीं घातलेलें होतें. पुढें रिडबर्ग यानें त्याला वेगळें स्थान दिलें. ओक्सचा अन्त चटका लावणारा झाला. ‘श्वेतगिरींचीं दृश्यें’ हा त्याचा सचित्र ग्रंथ छापून निघण्याच्या बेतांत असतां १८४८ च्या जुलैअखेर बोस्टनच्या बंदरांत तो तरीवरून पाण्यांत पडून मरण पावला.

आतां पायवाटेकडे वळूं. पर्वताच्या घाटांत क्रॉफर्ड नांवाचें कुटुंब राहत असे. एबल क्रॉफर्ड व त्याचा धिप्पाड मुलगा ईथन हे वाटसरूंना आसरा देत आणि वर जाऊं इच्छिणारांना वाट दाखवीत. १८१९ सालीं या बापलेकांनीं कुऱ्हाडी घेऊन जंगल तोडीत वृक्षरेषेपर्यंत एक वाट काढली. त्यापुढें ती उघड्या धारेवरून वॉशिंग्टनच्या माथ्याकडे जाई. १८४० सालीं एबलचा दुसरा मुलगा टॉमस यानें ती घोड्यांसाठीं रुंद केली, आणि पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेला वृद्ध एबल त्याच वर्षीं घोड्यावर बसून शिखरावर पोंचला. आजही ही वाट वापरांत आहे. अखंड वापरांत असलेली ती अमेरिकेंतील सर्वांत जुनी पर्वतवाट मानली जाते. क्रॉफर्ड मंडळी मोठी कष्टाळू व अतिथ्यशील होती. परंतु धारेवरून चालण्यास सोयीची अशी जी सपाटी त्यांनीं निवडली, ती नेमकी त्या फुलाची सपाटी होती. उघडी जमीन पाहून त्यांनीं तेथून वाट नेली. जमीन उघडी होती म्हणूनच तें फूलही तेथें राहत होतें. एकाच गुणावर दोघेही भाळले, आणि दोघांपैकीं एकाला सरणें भाग पडणार हें त्या वेळीं कोणाच्याही ध्यानीं आलें नाहीं.

या वाटेनें प्रथम आले ते फुलाचे चाहते. एकोणिसाव्या शतकांत वाळविलेल्या वनस्पतींचे संग्रह करणें हा सुशिक्षितांचा आवडता छंद होता. दुर्मिळ वनस्पतीचा नमुना जवळ असणें हें भूषण मानलें जाई. दोन असल्यास एक देऊन दुसऱ्या संग्राहकाकडून वेगळी दुर्मिळ वनस्पति मिळवितां येई. जगांत एकाच ठिकाणीं मिळणारें फूल या व्यापारांत केवढें मोलाचें, हें सांगावयास नको. रोप इतकें लहान कीं पान-फूल तोडून भागत नसे. मुळासकट उपटावें लागे, आणि एका कागदावर एक शोभत नाहीं म्हणून चार-सहा चिकटवावीं लागत. अशा रीतीनें शेंकडों रोपें पर्वतावरून उतरून कपाटांत जाऊन बसलीं. जें रोप उपटलें जाई तें स्वाभाविकच फुललेलें, म्हणजे अनेक वर्षांच्या तपश्चर्येनें मोठें झालेलें असे. त्या संग्राहकांना आज दोष देणें सोपें आहे. परंतु तें फूल पूर्वीं कोठें कोठें होतें हें आज आपणांस कळतें तेंही त्यांच्याच कागदांवरून. ज्ञान आणि हानि या येथें जुळ्या बहिणी आहेत.

त्यांच्यामागून आली ती सामान्य प्रवाशांची रीघ. १८६१ सालीं शिखरापर्यंत गाडीरस्ता झाला, १८६९ सालीं दांत्याच्या चाकांची आगगाडी वर जाऊं लागली, तेव्हां घोड्यांची वाट कांहीं काळ ओस पडली. फुलाला तेवढीच उसंत मिळाली असावी. पण १८७६ सालीं स्थापन झालेल्या ॲपलेशियन मौंटन क्लबाच्या प्रोत्साहनानें पायीं चढण्याची आवड पुन्हां वाढली. ३० जून १९०० रोजीं विल्यम कर्टिस आणि ॲलन ऑर्म्सबी हे दोघे क्लबाच्या सभेसाठीं क्रॉफर्डच्या वाटेनें शिखराकडे निघाले असतां भर उन्हाळ्यांत बर्फाच्या वादळांत सांपडले व गोठून मेले. या शोकान्तिकेनें क्लब हादरला. पुढच्याच वर्षीं त्या वाटेवर एक लहानसें आश्रयगृह बांधण्यांत आलें आणि १९१५ सालीं मन्‍रोच्या पायथ्याशीं, दोन चिमुकल्या तळ्यांच्या कांठीं, दगडी धर्मशाळा उभी राहिली. ‘मेघसरोवरांची झोंपडी’ असें तिचें काव्यमय नांव आहे. माणसांचे प्राण वांचावेत या भूतदयेपोटीं ती बांधली गेली. पण तिचें अंगण आणि फुलाचें घर यांत फारसें अंतर नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, फुरसत वाढली, आणि १९६० नंतर तर पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढणाऱ्यांची लाटच आली. सपाटीवरून हजारों बूट जाऊं लागले. वाटेवर चिखल असला कीं प्रवासी कडेनें चालतो. कडेची वाट होते. मग तिच्याही कडेनें दुसरा चालतो. ताशीं शंभर मैलांच्या वाऱ्याशीं झुंजणारें रोप एका टाचेखालीं चिरडतें, ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते. पण त्यांत चमत्कार नाहीं. वारा आणि थंडी हे या वनस्पतीचे पुरातन शत्रु. त्यांच्याशीं कसें वागावें हें ती हजारों वर्षें शिकली आहे. बूट हा काल आलेला पाहुणा. शिवाय तो रोपाला चिरडतोच, आणि दगडांची फरशी विस्कटून तिच्याखालची माती मोकळी करतो. मोकळी माती वारा उडवून नेतो, मग अंकुराला पाय रोवण्यास जागा उरत नाहीं.

१९७३ सालीं अमेरिकेंत संकटग्रस्त जीवजातींच्या रक्षणाचा कायदा झाला आणि सप्टेंबर १९८० मध्यें या फुलाचें नांव त्याच्या यादींत नोंदलें गेलें. त्यानंतर जो उपाय झाला तो पाहून हंसूं येईल इतका साधा आहे: वाट वळविली. १९८३ सालीं क्रॉफर्डची वाट त्या सपाटीवरून काढून बाजूनें नेण्यांत आली, सपाटीच्या कडेला गुडघ्याएवढी दगडांची रास रचली आणि आंत येऊं नये अशा पाट्या लावल्या. वनखातें आणि क्लब यांनीं तेथें माणसें नेमलीं. त्यांचें काम दंड करण्यापेक्षां समजावून सांगण्याचें अधिक. ज्या प्रवाशाला कारण कळलें तो बहुधा आपण होऊन चार पावलें फिरून गेला. दुसरीकडे न्यू इंग्लंड वन्यपुष्प संस्थेनें बीं गोळा करून खालीं रोपें वाढविण्यास आरंभ केला. हीं रोपें नव्या जागीं लावण्याचे पहिले बरेच प्रयत्न फसले; तगलीं तीं पश्चिमेकडील फ्रँकोनियाच्या धारेवर. मूळ सपाटीवर मात्र मनुष्यानें कांहीं लावण्यापेक्षां न जाणें हेंच फळलें. २००२ सालीं तेथें रोपांची संख्या चौदा हजारांहून अधिक भरली, आणि त्याच वर्षीं हें फूल संकटग्रस्तांच्या यादींतून काढण्यांत आलें. त्या यादींतून मरून नव्हे, तर बरें होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या मोजक्या वनस्पतींत त्याची गणना होते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फुलासाठीं हा खटाटोप कशाला? तें खाण्याचें नाहीं, माळण्याचें नाहीं. गेलें असतें तर कोणाचें काय अडलें असतें? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उपयोगाच्या भाषेंत उत्तर देऊं नये. दिल्यास तें खोटें पडेल. उत्तर असें आहे कीं, मनुष्याच्या मालकीची नसलेली वस्तु नष्ट करण्याचा अधिकार सिद्ध करण्याची जबाबदारी नष्ट करणारावर आहे, जगणारावर नाहीं. आणि येथें तर मोबदला तरी केवढा मागितला गेला? चार पावलांचा वळसा. कोणाचें शिखर हुकलें नाहीं, कोणाचा आनंद कमी झाला नाहीं. ज्या प्रसंगीं दुसऱ्याचें जीवित आणि आपली चार पावलें यांची तुलना होते, त्या प्रसंगीं पावलांच्या बाजूनें वाद घालणें सुसंस्कृत माणसास शोभत नाहीं.

पण या यशानें निर्धास्त होणेंही शहाणपणाचें नव्हे. दगडांची रास बुटांना अडवूं शकते. तापत चाललेल्या हवेला ती कशी अडविणार? अरण्यें पुन्हां एकदां वर सरकूं लागलीं तर या फुलाला आतां वर जाण्यास माथा उरलेला नाहीं, आणि उत्तरेकडे जाण्यास पाय नाहींत. एकाच मातेच्या प्रतिकृति असलेल्या त्या हजारों रोपांत बदलाशीं जुळवून घेण्याची शक्ति किती, हा प्रश्न काळच सोडवील. क्रॉफर्ड पितापुत्रांच्या हातून झालेली चूक पहाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून ती १६४ वर्षांनीं कां होईना दुरुस्त झाली. आज चालू असलेली चूक कोणा एकाच्या कुऱ्हाडीनें पडलेली वाट नाहीं. ती आपण सर्व मिळून, घरबसल्या, रोज थोडी थोडी पाडीत आहों. ती वाट वळविण्यास चार पावलांहून अधिक चालावें लागेल.

तूर्त एवढें खरें कीं, दर जूनमध्यें, मन्‍रोच्या पायथ्याशीं, राशीच्या पलीकडे तीं पिवळीं फुलें उमलतात, आणि अलीकडून जाणारा प्रवासी बहुधा तीं न पाहतांच पुढें जातो.